रिकाम्या खांद्यानं तीन मैल

भोर संस्थान विलीन होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी तेव्हा टपालखात्यात रनर होतो. वेल्ह्याहून दुसरा एक रनर अर्ध्या वाटेपर्यंत टपालाची थैली आणायचा. तिथून पुढं नसरापूरपर्यंत ती मी न्यायची आणि पुण्याची डाक घेऊन परत यायचं. जाताना नऊ मैल, येताना नऊ मैल. लोकांना वाटायचं, हा पळतच असतो. खरं तर आम्ही पळत नव्हतो. एका चालीनं, जरा भराभर, पाय ओढत जायचो. पळलं तर दुसऱ्या दिवशी उठवत नाही, हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

त्या दिवशी नसरापूरला खेळांचा मेळावा होता. पटांगणात माणसं जमली होती. मी टपाल कचेरीत थैली देऊन ओट्यावर टेकलो होतो. पिंढऱ्या भरून आल्या होत्या. पुण्याची एसटी यायला सव्वा तास होता आणि तेवढा वेळ डोळे मिटून बसायचं, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात आमच्या खोऱ्यातले एक गुरुजी शोधत आले. तीन मैलांची शर्यत होती, प्रत्येक भागाचे पाच गडी हवे होते आणि त्यांचा एक गडी तापानं पडला होता. पाच भरले नाहीत तर बाकीच्या चौघांनाही पळू देणार नव्हते.

मी म्हणालो, "गुरुजी, नऊ मैल चालून आलोय. अजून नऊ जायाचंय."

"मला म्हाईत हाय," गुरुजी म्हणाले. "पर दुसरं कुणी न्हाई. पुढं या म्हणत न्हाई, नुसतं पळा."

नाही म्हणणार होतो. पण चौथीत असताना शर्यतीच्या दिवशी वडलांनी मला गुरांमागं धाडलं होतं. त्यानंतर कुणी मला शर्यतीला बोलावलं नव्हतं. आता बोलावलं ते तिशी उलटल्यावर, पाय दुखत असताना. पोस्टमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, जा, पण गाडी आली की इथं उभे पाहिजेत. खाकी सदरा काढून ठेवला, धोतराचा काचा मारला आणि जाऊन उभा राहिलो.

वेल्ह्याच्या रस्त्यानं ओढ्यापर्यंत जायचं आणि वळून यायचं, अशी शर्यत होती. सुरुवातीला अंग फार हलकं वाटलं. खांद्यावर काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर मी रिकामा कधी गेलोच नव्हतो. ओढ्यापर्यंत तिसरा होतो. मग बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हसत म्हणालं, "त्यो बघा, वाकडा पळतोय."

तेव्हा माझ्याही ध्यानात आलं. थैली उजव्या खांद्यावर असायची, म्हणून अंग डावीकडं झुकायची सवय झाली होती आणि थैली नसतानाही मी तसाच झुकून पळत होतो. सरळ व्हायला गेलो तर पाय अडखळले. मग नाद सोडला आणि वाकडाच पळालो.

परतीच्या दीड मैलात श्वास पुरला, पण पाय ऐकेनात. ते आपल्या रोजच्या चालीवर आले. जोर केला तरी वाढेनात, सोडून दिलं तरी थांबेनात. मेंढरांमागं फिरणारा एक तरणा धनगर वाऱ्यासारखा पुढं गेला. त्याच्यामागून आणखी दोघं गेले. मी सहावा आलो. मागं आणखी नऊ होते.

गुरुजींनी पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवला. मला वाईट वाटलं नाही आणि फार आनंदही झाला नाही. पळून झालं होतं, एवढंच वाटलं. बसलो तर उठता येणार नाही म्हणून उभ्याउभ्याच सदरा घातला.

गाडी आली. त्या दिवशी थैली जड होती. परतताना दोनदा दगडावर बसलो, पूर्वी कधी बसलो नव्हतो. थैली पुढच्या रनरच्या हवाली केली तेव्हा दिवस कलला होता. उशीर का, असं त्यानं विचारलं. शर्यतीत पळालो म्हणालो, तर त्याला चेष्टा वाटली.

घरी बायकोनं पाय बघितले आणि पाणी तापवायला ठेवलं. सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "उद्या जायाचंच का?"

"व्हय," मी म्हणालो आणि पाय पाण्यात सोडले.