हौशी असल्याने अपात्र

आमच्या परतुरात 'हौशी' दोनच जणांना म्हणतात. एक, दुसऱ्याच्या वरातीत बॅन्डवाल्याला अडवून चार गाणी जास्तीची वाजवायला लावणारा. दुसरा, बायकोसाठी न्हाई, स्वतःसाठी सेंटची बाटली आणणारा. माझ्या आत्यानं यातलं काहीच केलं नव्हतं. ती थाळी फेकायची. तरी सरकारनं तिला शिक्का मारून हौशी ठरवलं. ते कसं, ते मी सांगते. मी तिथं हजर होते.

आत्याचं नाव बेबीनंदा साहेबराव खरात. आजोबा जिनिंगवर कापसाच्या गाठी लोटायचे. खांदे तिनं त्यांचेच घेतले. १९९१ साली ती नववीत होती. शाळेतल्या रामकिसन सरांनी तिला उंच बघून थाळीफेकीत उभं केलं. शाळेत थाळी एकच, लाकडी, कडेची लोखंडी पट्टी निघालेली, आणि ती घरी न्यायची परवानगी न्हाई. मंग घरी सराव तव्यावर. भाकरी झाल्या की आजी, केशरबाई, चुलीपासून सांगायची, "गार होऊ दे गं, हात भाजल." आत्या तवा घेऊन रेल्वेपलीकडच्या पडीक रानात गेली, की आजी शेजारच्या गिरिजाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "आज तवा फेकून राह्यली. उद्या चूल फेकल. परवा मला."

गिरिजाबाईचा आवाज नाकातून. "केशरबाई, लग्नाच्या पोरीनं थाळी फेकू न्हाई. अन्नाचा शाप लागतो."

"रिकामी फेकती ती," आजी म्हणायची. "भरलेली तुझ्या घरी फेकल तवा सांग."

१९९५ च्या राज्य स्पर्धेत आत्या दुसरी आली. एकोणचाळीस मीटर. ज्या पोरी तिच्याशेजारी उभ्या होत्या त्यांना काटेरी बूट, प्रशिक्षक, केळी, ग्लुकोज. आत्याला रामकिसन सर आणि सुती मोजे. दुसरी आलेली पोरगी कोण म्हणून सगळे विचारून राह्यले होते, आणि सर म्हणे छाती काढून सांगत होते, "परतूर. परतूर. रेल्वे थांबते आमच्याकडं." प्रमाणपत्र मिळालं, जाड कागदाचं, सोनेरी काठाचं. वरती स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचं लांबलचक नाव, आणि त्या नावात एक शब्द: हौशी. तेव्हा कुणी तो वाचलासुद्धा न्हाई. आजोबांनी काचेत बसवून भिंतीवर लावलं.

नंतरची चार वर्षं ती खेळली, कॉलेज केलं, टायपिंग केलं. लग्नाला दोन स्थळं आल्ती. दोघांनीही विचारलं, हे फेकणं बंद करणार ना. तिनं दोघांनाही बंद केलं. आणि १९९९ मध्ये जालन्याच्या एका सरकारी कार्यालयात खेळाडूंसाठी राखीव अशी लिपिकाची जागा निघाली. एकच जागा. घरात आठ दिवस दुसरं बोलणं न्हाई. ही जागा म्हणजे आजोबांच्या पाठीवरची गाठ उतरणार, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

काचेतून प्रमाणपत्र काढलं. सकाळच्या पॅसेंजरनं आत्या निघाली, सोबतीला मी. मी तेव्हा आठवीत. कार्यालयात खिडकीमागं एक बाबू. त्याच्या प्रत्येक वाक्याला शेपूट असायचं, 'बराबर?'

"नाव बेबीनंदा. बराबर? खेळ थाळीफेक. बराबर? आन हे काय?" त्यानं बोट ठेवलं. "हौशी."

"संघटनेचं नाव हाय ते," आत्या म्हणाली.

"वाचता येतं मला. जागा खेळाडूंसाठी हाय. बराबर? तुम्ही हौशी. हौशी म्हणजे हौसेनं करणारा. बराबर? माझा साडू हौशी हाय. कबुतरं पाळतो. त्याला देऊ का नोकरी?"

"खेळायचे पैसे घेत न्हाई त्याला हौशी म्हणतात, साहेब."

"मंग झालं की. पैसे भेटत नव्हते, म्हणजे कामधंदा न्हाई, छंद. मीच म्हणून राह्यलो, तुम्हीबी तेच म्हणून राह्यल्या. बराबर?"

मागच्या टेबलावरच्या बाई खुदकन हसल्या. आत्या हसली न्हाई. तिचे कान लाल झाले, ते मला मागून दिसत होते. ती म्हणाली, "लिहून द्या."

त्याला वाटलं, गावाकडची पोरगी, कागद बघून गप होईल. त्यानं ऐटीत लिहून दिलं, सही केली, शिक्का दाबला. त्या कार्यालयात त्या दिवशी तेवढंच एक काम जल्दी झालं असेल.

मोठे साहेब दौऱ्यावर होते. आत्या रोज पॅसेंजरनं गेली, रोज बाकावर बसून आली. सातव्या दिवशी साहेब भेटले. त्यांनी कागद वाचला आणि हसले. खुर्चीला रेलून, पोट धरून, चष्मा काढून डोळे पुसत हसले. "हौशी! कमाल केली यानं." हसून झाल्यावर म्हणाले, "चूक आमची आहे, ताई. पण यादी गेली हो परवाच. पुढच्या भरतीत बघू."

पुढची भरती कुठली? भरतीच बंद झाली. ज्यानं चूक केली तो खिडकीत. जो हसला तो वरच्या मजल्यावर. आणि आत्या जिनिंगच्या काट्यावर, आजोबांच्या शेजारी, गाठींवर नंबर टाकायला. मला त्या बाबूपेक्षा त्या हसण्याचा जास्त राग आहे. बाबूला शब्द माहीत नव्हता. यांना माहीत होता.

पुढच्याच जानेवारीत सव्वीस तारखेला गावानं गुणवंतांचा सत्कार ठेवला. अण्णासाहेब, आमच्याकडचे पुढारी, माइकला चिकटले की सुटत न्हाईत. "या ठिकाणी आपल्या भगिनीनं या ठिकाणी परतूरचं नाव या ठिकाणी राज्यात नेलं. ताई या ठिकाणी दोन शब्द बोलतील."

आत्यानं शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली, पर्समधून कागद काढला आणि वाचला. "सदर उमेदवार या हौशी असल्याचे त्यांच्याच प्रमाणपत्रावरून दिसून येते. सबब खेळाडू म्हणून त्यांचा विचार करता येत नाही."

टाळ्या पडल्या. सरकारी मराठी, शिक्क्याचा कागद, सत्काराचा मांडव. लोकांना वाटलं मानपत्र आहे. सगळ्यात जोरात अण्णासाहेब वाजवत होते. माझ्या पुढं बसलेला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, सरकारनं लिहून दिलंय."

आत्या टाळ्या संपायची वाट बघत उभी राहिली. मंग म्हणाली, "तुमच्या-माझ्या बोलीत सांगते. नोकरी न्हाई दिली. पोरगी हौसेनं खेळली म्हणून."

अण्णासाहेबांनी माइककडं हात नेला. "या ठिकाणी..."

"माझं झालं न्हाई, अण्णासाहेब. खाली बसा."

ते बसले. आत्यानं कागद पुन्हा वर धरला, आणि खाली सही कुणाची आहे, त्याचा हुद्दा काय, आणि तारीख कोणती, हे एकेक करून माइकवर वाचलं.