मांकोगेल्ट

लोणावळ्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. पुण्याला कॉलेजात असताना दोन वर्षं जर्मनही शिकलो होतो, पण त्या गावात जर्मन कुणाला हवी होती! ती विद्या गंजत पडली होती. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधी बाजारातल्या मोठ्या दुकानाचे शेठजी मला शोधत शाळेत आले, तेव्हा मी हुरळून गेलो.

बंगलेवाल्यांना चीज, जाम, बिस्किटं पुरवणारं ते दुकान. मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन व्यापाऱ्याकडून शेठजींनी गल्ल्याचं यंत्र विकत घेतलं होतं. सोबत रोखपालासाठी नियमांचं पुस्तक होतं, सगळं जर्मनमध्ये. दुकानाचे कागद इंग्रजीत असत, त्यामुळे तेही इंग्रजीत करून हवं होतं.

"मास्तर, तुमच्यावाचून हे कोण करणार?" शेठजी म्हणाले. "मात्र कुणाजवळ बोलू नका. नोकरमाणसं उगाच बिचकतात."

त्या गल्ल्यावर माझाच मित्र बसायचा. सुदुंबऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिक पास, हिशेबाला चोख. खानावळीत आम्ही रोज शेजारी शेजारी जेवायचो. तरी मी त्याला काही बोललो नाही. गुपित सांभाळण्यात मोठेपणा वाटत होता, दुसरं काय!

'वेक्सेलगेल्ट' म्हणजे सुट्टे पैसे, ते सोपं होतं. 'कासेनश्टुर्त्स'वर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. शब्दशः पाहिलं तर गल्ला कोसळणं. खरा अर्थ, अचानक येऊन केलेली गल्ल्याची तपासणी. तो सापडला तेव्हा मी खोलीत एकटाच हसलो. मग आला 'मांकोगेल्ट'. मांको म्हणजे तूट, गेल्ट म्हणजे पैसा. नजरचुकीने गल्ल्यात आलेली तूट रोखपालाने भरायची असते, म्हणून मालक त्याला पगारासोबत दरमहा थोडी जादा रक्कम देतो, ते मांकोगेल्ट. मी लिहिलं, 'शॉर्टेज मनी'. शब्दाला शब्द, अगदी नेटका. अर्थ पानाच्या तळाशी टीप देऊन लिहिला. भाषांतराला स्पष्टीकरणाचं ठिगळ नको, ही माझी ऐट. सही करून कागद शेठजींच्या हवाली केले.

महिन्याभराने मित्र जेवताना म्हणाला, "मास्तर, ह्या टायमाला तुटीचं पैसं पगारातनं आदीच कापून घेतलं. आता दर म्हैन्याला कापनार. तसा नियमच हाय म्हनं. शेटनं कागदावर सही घितली. खाली तुमचं नाव दिसलं, म्हनून म्या बी डोळं झाकून सही ठोकली."

घास माझ्या हातातच राहिला. तसाच उठून दुकानात गेलो. शेठजींनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'शॉर्टेज मनी, दरमहा, पगारासोबत.' खाली माझं नाव आणि हुद्दा. टीप गायब. तिच्यावाचून ते पैसे द्यायचे की कापायचे, हे कळायला मार्गच नव्हता.

"तुमचा एक शब्दसुद्धा बदललेला नाही, मास्तर," ते हसून म्हणाले. खरंच नव्हता बदलला.

"टीप कुठंय?"

"टाइपात जागा पुरली नाही हो."

मूळ पुस्तक मागितलं, तर ते मुंबईला पाठवलंय म्हणाले. वर माझ्यासाठी चहा मागवला! माझी विद्या आणि माझं नाव वापरून या माणसाने माझ्याच मित्राचा खिसा कापला होता, आणि मी त्याच्या गोड बोलण्याला भुलून कात्रीला धार लावून दिली होती. चहाला हात न लावता निघालो.

मित्राला गाठून सगळं सांगितलं. ते पैसे कापायचे नव्हते, उलट त्याला मिळायचे होते. शेठजींच्या नावाने तोंडाला येईल ते बोललो. मला वाटलं, आता हाही भडकेल.

"शेटचं सोडा," तो म्हणाला. "त्यो शेटच हाय. पन तुमाला ह्ये म्हैनाभर ठावं व्हतं. रोज मांडीला मांडी लावून जेवत व्हतो आपन. तोंडानं येकदा बी सांगावंसं वाटलं न्हाई तुमाला?"

मी टीप लिहिली होती, असं मी पुन्हा म्हणालो. ते माझं मलाच ऐकवेना.

शेठजींनी मला फसवलं, तो राग अजून गेलेला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मित्र खानावळीत माझ्या आधीच जेवून जाऊ लागला, आणि त्याला थांबवायला माझ्याजवळ तोंड नव्हतं.