उतारावरचा आवाज

मिस्त्रीला सगळे भिंगरी म्हणत. पन्नाशी उलटली तरी माणूस एका जागी टिकत नसे. चहा उभ्यानेच, फोनवर बोलताना गॅरेजभर येरझाऱ्या, आणि जेवायला बसला तरी एक गुडघा हलत असायचा. दुसऱ्याच्या गाडीत तर त्याला बसवतच नसे. साडूने एकदा हौसेने नव्या गाडीतून फिरायला नेलं, तर हा शेजारी बसून रिकाम्या जागी ब्रेक दाबत राहिला. अर्ध्या वाटेत साडूच म्हणाला, "तूच चालव बाबा, माझी छाती धडधडायला लागली."

सध्या त्याचं डोकं एका पिकअपने खाल्लं होतं. गाडी काचवाल्या बाईची. खिडक्यांच्या मोठाल्या काचा हौद्यातल्या तिरक्या लाकडी चौकटीला बांधून ती गिऱ्हाइकांकडे पोचवायची.

"मागून आवाज येतो," ती पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती. "साधासुधा नाही. भोंगा वाजल्यासारखा. लोक वळून बघतात."

भिंगरीने चक्कर मारून पाहिली. काही नाही. तरी तो गाडीखाली शिरला आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट त्याने हाताने हलवून पाहिला. जॉइंट जरा ढिले वाटले, बदलून टाकले. बाई परत दारात. मग शाफ्टचं मधलं बेअरिंग बदललं. बाई पुन्हा दारात. आता त्याने हौद्यात वाळूची पोती टाकली आणि गाडी गावभर पिटाळली. गाडी गप्प.

"मिस्त्री, आवाज तुम्हाला घाबरतो की काय?" बाई म्हणाली.

त्याला हसू आलं नाही. घरी जेवताना हातातला घास हातातच राहिला. बायकोने मिक्सर लावला, तर हा मान तिरकी करून म्हणाला, "थांब, थांब, बंद कर."

"अहो, मिक्सरला काही झालेलं नाही," बायको म्हणाली. "त्या बाईला चालवू दे ना एकदा. तुम्ही शेजारी बसा."

"मी चालवून बघतोय तेवढं पुरे नाही का?"

"तुम्ही चालवता तेव्हा आवाज येत नाही. मग?"

तो चिडून हात धुवायला उठला.

सकाळी तो पिकअपमध्ये बाईच्या शेजारी बसला. मागे काचा बांधलेल्या. बाई शांतपणे निघाली आणि पहिल्याच वळणावर याचा पाय खाली आपटला.

"पाय आवरा," ती समोर बघतच म्हणाली. "आजवर काच फुटली नाही माझी. आज तुमच्यामुळे फुटेल."

त्याने दोन्ही हात मांड्यांखाली कोंबले. पाण्याच्या टाकीपासून बाजाराकडे लांबलचक उतार होता. तिथे बाईने गिअर खाली घेतला, ऍक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडीला इंजिनावरच पेलत सोडलं.

"ब्रेक मारा!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"काचा असताना? गचका बसला की तडा."

तेवढ्यात आवाज सुरू झाला. पाठीमागून, खालून, थेट दातांपर्यंत. बसची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले. भिंगरी मात्र प्रथमच हलायचा थांबला.

"जरा ऍक्सिलरेटर द्या."

तिने दिला. आवाज गायब.

"सोडा."

भोंगा परत सुरू.

"पुन्हा द्या. सोडा."

"मिस्त्री, बाजा वाजवताय का?"

"डिफरन्शियल!" तो ओरडला. "मागच्या चाकांच्या मधला तो गोळा आहे ना, त्यात. तुम्ही पाय काढला की चाकंच उलटी इंजिनाला रेटतात आणि आतलं पिनियन, ते छोटं दातेरी चाक, बेअरिंग झिजल्यामुळे नाचायला लागतं. मी उतारावर क्लच दाबून ब्रेक मारतो. मग त्याच्यावर उलटा जोर येणार कुठून?"

"म्हणजे माझ्या चालवण्यातच खोट?"

"खोट बेअरिंगमध्ये. तुमच्या चालवण्यामुळे कळली."

काचा पोचवून होईपर्यंत त्याला धीर निघेना. गिऱ्हाइकाच्या अंगणात तो गाडीभोवती घिरट्या घालत राहिला. गॅरेजमध्ये येताच डिफरन्शियल खोललं. तेलात धातूचा चुरा चमकत होता, पिनियनच्या बेअरिंगला खड्डे पडले होते आणि पिनियन हाताने हलत होतं. याला खेटूनच असलेला जॉइंट त्याने स्वतः बदलला होता. त्याचे कान लाल झाले.

"तुमचे जुने जॉइंट चांगले होते," तो खाली बघत म्हणाला. "मी उगाच काढले."

"मला वाटलंच होतं," बाई म्हणाली आणि उपड्या डब्यावर बसून राहिली.

नवी बेअरिंगं बसवली. पिनियनचा नट त्याने आवळला, फिरवून पाहिला, थोडा ढिला वाटला म्हणून पुन्हा आवळला. स्वतःच्या हातावर विश्वास बसेना. बाईने दोनदा विचारलं, "झालं का?" दोन्हीदा तो म्हणाला, "होतंय."

पुढच्या फेरीच्या काचा भरून दोघं त्याच उतारावर आले. बाईने पाय काढला. टायरांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. उतार संपला.

"परत एकदा बघायचं?" तिनेच विचारलं.

गाडी वळवून ते पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. मग भिंगरीने आणखी एका फेरीची गळ घातली. त्यानंतर मात्र बाईने त्याला बाजाराच्या तोंडाशी उतरवलं. "बास आता. गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."

पिकअप गर्दीत दिसेनाशी झाली तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"गेला का आवाज?"

"गेला."

"नक्की?"

तो घुटमळला. "तीनदा पाहिलं. पण..."

"पण-बिण काही नाही. घरी या."

त्याने फोन खिशात टाकला आणि घराच्या दिशेने भराभरा चढ चढायला लागला.