मँटलवरचा गणपती

ब्रिस्टलच्या घरात लाकूड जाळायचा स्टोव्ह बसवून घेतला आणि त्याच्या वरच्या मँटलच्या फळीचे महिन्याभरात पापुद्रे निघाले. अस्सल ओक म्हणून गळ्यात मारली, आत नुसता भुसा! संतापून मी दुसऱ्या सुताराला बोलावलं.

त्या गोऱ्या म्हाताऱ्याने न सांगता बूट काढले, टकटक करून फळी वाजवली आणि वरच्या पितळी गणपतीपाशी हात थांबवला. "यांना तुम्हीच उचला."

"रोज स्नान घालून पूजा होते त्यांची," मी ऐटीत म्हटलं. उचलायला गेलो, तर पॉलिश वितळून मूर्ती फळीला घट्ट चिकटलेली.

"बघा, काय फळी दिलीय चोरांनी!" मी ओरडलो.

"फळी वाईटच आहे," तो शांतपणे म्हणाला. "पण हे एका दिवसात चिकटत नाही."

त्या चोरांसाठी राखून ठेवलेल्या शिव्या मी गिळल्या.