पूर बघायची हौस

आम्हा नाशिककरांना पूर बघायची भारी हौस. धरणातून पाणी सोडलं की निम्मं शहर गंगेवर लोटतं. गोदावरी म्हणायचे कष्ट इथे कुणी घेत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर उभ्या उभ्या वाद घालायचा, भाजलेलं कणीस खायचं आणि घरी यायचं. अंबडच्या कारखान्यात नोकरी होती तेव्हाही आमच्या ह्यांनी हा नेम मोडला नाही; ड्यूटी सुटली की आधी गंगेवर, मग घरी. पाणी पायरी पायरीने चढतं, माणसाला मागे सरकायला वेळ देतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. दुसऱ्या तऱ्हेचं पाणी असतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती. मला तरी कुठे होती म्हणा.

गेल्या पावसाळ्यात आम्ही मुलीकडे जपानला गेलो. तिची नोकरी समुद्राकाठच्या एका लहान गावात. एका सकाळी ती कामावर गेली आणि थोड्या वेळाने गावातले सगळे भोंगे वाजायला लागले. पाठोपाठ तिचा फोन. "आई, समुद्राखाली मोठा भूकंप झालाय. लांब झालाय, म्हणून तुम्हाला हादरा कळला नाही. पण त्सुनामी येणार आहे. बाबांना घे आणि मागच्या टेकडीवरच्या शाळेत जा. आत्ताच्या आत्ता."

मी पासपोर्ट घेऊन रस्त्यावर येते तर हे चपला घालून समुद्राकडे निघालेले. "पाणी यायला अवकाश आहे," म्हणाले, "समुद्राच्या बंधाऱ्यावरून नुसतं बघून येतो. तू हो पुढे." मी हाका मारल्या, चिडले, नाही नाही ते बोलले. पण ह्यांचं एकदा ठरलं की ठरलं. मला ना वर जाववत होतं, ना खाली. मी तिथेच उभी राहिले.

शेजारच्या आजी आमच्या आधीच निघाल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, खांद्याला पिशवी. आमची ओळख येता-जाता वाकून नमस्कार करण्यापुरती. निम्मा चढ चढून गेल्यावर माझा आवाज ऐकून त्यांनी मागे पाहिलं. क्षणभर थांबल्या. मग सरळ उतरायला लागल्या. माझ्या बाजूने गेल्या, ह्यांना गाठलं आणि शर्टाची बाही मुठीत धरली. हे हसून खुणेने सांगू बघत होते, पाचच मिनिटं. आजींनी बाही सोडली नाही. बाजारात हट्ट करणाऱ्या पोराला आणावं तसं त्यांनी ह्यांना टेकडीवर आणलं.

शाळेत चटया होत्या, चहा होता. दुपारनंतर मुलगी पोचली. मी तिला सगळी हकीकत सांगितली. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, इथे लहानपणापासून शिकवतात. त्सुनामी आली की कुणासाठी थांबायचं नाही, मागे वळायचं नाही. वळलेली माणसं परत आली नाहीत. मागच्या मोठ्या त्सुनामीत या आजींचे यजमान निम्म्या वाटेवरून शेजाऱ्याला आणायला फिरले. ते अजून सापडले नाहीत."

हे ऐकत होते. उठले, आजींसमोर गेले आणि चटईला कपाळ टेकवून नमस्कार केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पाहिलं. आजी अवघडून गेल्या. त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून ह्यांच्या हातात ठेवला. मला त्यांच्या भाषेतला आभाराचा एकच शब्द येत होता, तो मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

संध्याकाळी कळलं की लाट बंधाऱ्याच्या खालच्या पायऱ्यांवरच थांबली. नाशिकला ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, म्हणजे झालं काहीच नाही की. खरं आहे. पण आजी मागे वळल्या तेव्हा लाट केवढी येणार, हे त्यांना कुठे माहीत होतं.