परात दिसली नाही

आई आणि तिची थोरली बहीण समोरासमोरच्या दोन गावांत दिल्या होत्या. आमचं गाव पूर्वेच्या माळावर, मावशीचं पश्चिमेच्या. मध्ये ओढ्याची सखल जमीन, तूर आणि ज्वारी. चालत दीड तास लागे. बसनं जायचं तर आधी बसवकल्याण गाठून उलटं यावं लागे, त्यात दिवस मोडायचा.

दोघींनाही लिहिता येत नव्हतं. त्यांनी आपसात एक रीत पाडली होती. मावशी रोज सकाळी पितळेची परात चिंचेनं घासून घरावरच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, कठड्याला उन्हासमोर टेकवायची. आमच्या माळवदावरून ती ठिणगीएवढी चमकताना दिसे. संध्याकाळी ऊन पश्चिमेला गेलं की आई आपली परात लावायची. चमकली म्हणजे सगळं ठीक. घरात कुणी आजारी असलं की परात लावायची नाही. समोरचीनं निघून यायचं. पावसाळा सोडला तर ही रीत चुकत नसे.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्याच्या आगेमागे ओढ्याकाठी विटांच्या भट्ट्या लागल्या. पहिल्या भट्टीला माती आमच्याच शेतातली गेली. मग खडी फोडायचं मशीन आलं. भट्ट्यांत कोळशाची भुकटी आणि तुराट्या जळत. समोरच्या गावाची झाडं आधी निळसर झाली, मग राखाडी, आणि पुढं हिवाळ्यात तो माळच दिसेनासा झाला. लोक म्हणत, धुई आहे, ऊन चढलं की जाईल. दुपार झाली तरी ती जात नसे.

परात पहिल्यांदा दिसली नाही तेव्हा आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून गेली. मावशी अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"मी मेले का बघायला आलीस व्हय? वर लावलीय की परात."

दोघी हसल्या. पण त्या महिन्यात आई आणखी दोनदा तशीच धावत गेली. तिचे गुडघे सुजले.

मी तेव्हा बसवकल्याणला शाळेत विज्ञान शिकवत होते, सुट्टीत घरी आले होते. तिला माळवदावर उभं करून मी नीट समजावलं. धुरातले कण इतके बारीक असतात की एकेकटा डोळ्याला दिसत नाही. ते खाली बसत नाहीत, हवेत तरंगत राहतात. उजेड त्यांच्यावर आदळून चहूकडे पसरतो आणि मधली हवाच पांढरी होते. जे जास्त लांब, ते आधी पुसलं जातं. परात जागेवरच असते, तिची चमक इथवर पोचत नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं.

"मग लावली न्हाई का दिसली न्हाई, हे कसं कळायचं?"

प्रश्न बरोबर होता. तो बाजूला सारून मी म्हणाले, "गुडघे सुजलेत, कामून पळायलीस? काही झालं तर माणूस येईल की सांगायला."

पुढचे चार दिवस आई सकाळी कठड्याशी उभी राहिली आणि खाली येऊन कामाला लागली. पाचव्या दिवशी दुपारी माणूस आला. मावशी गेल्याचं सांगायला आला.

तिथं पोचल्यावर मावसभावानं सांगितलं. चार दिवस ताप होता, छाती भरली होती. तो आमच्याकडे निघालाच होता, मावशीनं अडवलं. म्हणाली, "परात लावलेली असताना तीनदा पळत आली ती. आता काढलीय, तर यायची न्हाई व्हय?" रोज सकाळी तेच. दारात पाऊल वाजलं की मान वळवायची. शेवटच्या दिवशी म्हणाली, कामात असंल बिचारी.

भाऊ हे आम्हा दोघींच्या समोर बोलला. आईला कुणी थांबवलं हे त्याला ठाऊक नव्हतं. आईनं ते तिथं सांगितलं नाही, नंतरही कुठं सांगितलं नाही. मीही गप्प बसले.

तोवर आई मला प्रत्येक गोष्ट विचारायची. बी कोणतं घ्यायचं, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, कुणाच्या लग्नाला जायचं. शिकलेली म्हणून माझा शब्द शेवटचा असे. त्यानंतर ती चौदा वर्षं जगली. मला एकही गोष्ट विचारली नाही. कुठं जायचं असलं की चप्पल घालून निघायची, आणि कुठं निघालीस म्हटलं तर "येते" एवढंच म्हणायची.