दुपारी तीनची बातमी

खरं सांगायचं तर मला त्या बाईचा हेवा वाटतो. आजही वाटतो. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात, आमचं काही निवळलेलं नाही.

जवळजवळ तीस वर्षं मी चौलहून एका जिल्ह्याच्या पेपरला बातम्या पाठवल्या. घर चालायचं ते नारळ-सुपारीच्या वाडीवर, पण रुबाब सगळा पेपरचा. सुरुवातीला कागदावर लिहून पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचो, अलिबागच्या स्टँडवर ऑफिसचा माणूस ते उतरवून घ्यायचा. माझे पहिले संपादक भारी कडक. बातमीत वेळ नसली की पाकीट तसंच परत यायचं, वर लाल शाईत शेरा: 'किती वाजता?' गाय विहिरीत पडली तरी किती वाजता, आणि मंत्री आला तरी किती वाजता. वेळ नसलेली बातमी म्हणजे पारावरची कुजबुज, असं ते म्हणायचे. ती सवय हाडात मुरली. बायको अजून चिडवते, की आमच्या लग्नाची आठवणसुद्धा हे 'सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी' अशी सुरू करतात.

आता त्या बाईबद्दल. आमच्याकडून खाडीकडे उतरलं की कोळीवाडा लागतो, तिथली ती. वीस वर्षांपूर्वी डोक्यावर टोपली घेऊन आमच्या दारात सुकट आणि बोंबील विकायला यायची. मला दादा म्हणायची, माझ्या बायकोला वैनी. बोलायला फटकळ, हसायला मोठी. चार-पाच वर्षांपूर्वी तिनं मोबाईलवर चॅनल काढलं. चॅनल कसलं, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पापलेट, आणि "राम राम मंडली, आज बंदरावर काय काय आलंय बगा." मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोट धरून हसलो. बायकोला म्हटलं, महिनाभर चालेल हे.

कसलं महिनाभर! मासळीच्या मागोमाग हवामान आलं, मग लाँच बंद आहे की चालू, मग कुठे झाड पडलं, कुणाचा साखरपुडा, कुणाची मयत. मुंबईला नोकरीला गेलेली अख्खी आळी तिच्या फोनवरून गाव बघायला लागली. नागावच्या होमस्टेवाल्यांनी तिला बोलावून बोलावून जेवू घातलं. आणि आमच्या पेपरची पानं पावसाळ्यातल्या साबणासारखी झिजत चालली. आधी रविवारची पुरवणी गेली, मग आमच्या किनाऱ्याचं पान अर्धं झालं. स्टँडवरचा विक्रेता पेपरच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगायला लागला. मला बघितलं की खालचा गठ्ठा वर काढून ठेवायचा, बिचारा.

पण मला झोंबलं ते वेगळंच. नागावच्या एका शाळेत कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर 'पत्रकार' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते, ती खुर्ची तीस वर्षं माझी. मी पोचलो तर तिथे ही बसलेली, चिठ्ठीवर टेकून. मला बघून लगेच उठली. "दादा, बसा बसा, तुमचीच हाय." आणि मुख्याध्यापक धावत आले नि तिलाच म्हणाले, "नाही नाही ताई, तुम्ही बसा, त्यांना दुसरी आणतो." दुसरी आणली, प्लास्टिकची, एक पाय हलणारी. तासभर मी तोल सांभाळत बसलो होतो. शाल-नारळ तिला आधी मिळाला.

आणखी एक. रोज सकाळी आठ वाजता ती आमचाच पेपर हातात धरून लाईव्हवर वाचून दाखवायची. "आपल्या पेपरात काय आलंय ते आयका." माझी बातमी, माझे शब्द, आणि 'वा ताई, वा ताई' तिला! तेव्हा मला ती सरळसरळ चोरी वाटायची. ऑफिसला तक्रार केली, तर तिथला नवा पोरगेला उपसंपादक म्हणाला, "काका, वाचू दे की, तेवढंच कोणीतरी वाचतंय."

गेल्या मोसमातली गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन बोटी दर्यात गेलेल्या. अचानक वारा फिरला, किनारपट्टीला धोक्याचे बावटे लागले आणि बोटी माघारी आल्या. एक आली नाही. सात माणसं, आणि त्यात या बाईचा सख्खा धाकटा भाऊ. वायरलेसला उत्तर नाही, फोन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कोळीवाड्यातल्या बायका धक्क्यावर येऊन बसल्या. हिची म्हातारी आई सगळ्यांच्या पुढे. ही दर अर्ध्या तासाला लाईव्ह येऊन सांगत होती, "कुणाला काय बी कळलं तरी कळवा, पाया पडते."

त्या दुपारी तीन वाजता माझा फोन वाजला. दक्षिणेकडच्या एका बंदरातला वार्ताहर, माझ्यासारखंच जुनं खोड. म्हणाला, "तुमच्याकडची बोट आमच्या खाडीच्या तोंडाशी नांगरून आहे. पंख्यात जाळं अडकलंय, सगळे फोन भिजलेत, लाटांमुळे माणसं अजून उतरलेली नाहीत. पण एकजण होडी घेऊन जवळ जाऊन आला. सात माणसं मोजली, सगळी धडधाकट. तुला आधी सांगतोय हो, उद्या झकास लाव."

उद्या लाव! आम्हां पेपरवाल्यांची ही रीतच. बातमी हाती लागली की मुठीत धरायची आणि मूठ सकाळी उघडायची. आनंद झाला मला, नाही कसं म्हणू? सात माणसं वाचली याचा झाला. पण त्याच्या खांद्यावर चढून दुसरा आनंद बसला होता: हे तिला ठाऊक नाही. अख्ख्या किनाऱ्यावर हे फक्त मला ठाऊक आहे. किती वर्षांनी असं झालं होतं! मी टेबलाशी बसलो आणि मथळासुद्धा लिहिला.

चार वाजायला वीस मिनिटं असताना तिचा फोन आला. मागे वारा नि बायकांचा गलका. "दादा, तुमची सगळीकडं वळख हाय. कुठनं काय कळलं का हो?"

समोर मथळा होता. मी म्हणालो, "नाही गं अजून. कळलं की सांगतो."

"सांगा हां, दादा," ती म्हणाली. "आयनं सकाळपास्नं पाणी घेतलं न्हाय."

फोन ठेवल्यावर मी स्वतःशी हुज्जत घातली. माणसं तर जिवंत आहेत ना? मग एका रात्रीनं काय बिघडतं? उलट सकाळी पेपरात वाचतील तेव्हा केवढा आनंद होईल. साडेचारला बातमी पाठवली, चहा घेतला आणि पाच वाजता धक्क्यावर गेलो. कशाला, तर बातमीबरोबर फोटो हवा होता म्हणून. लिहितानाही लाज वाटते, पण गेलो.

म्हातारी जाळ्याच्या ढिगाला टेकून बसली होती. मी फोटो काढला. तिनं मला ओळखलं, माझा हात धरला. "तू पेपरवाला ना रं? लिव बाबा, माजा पोर येनार हाय म्हनून लिव. पेपरात येतं त्ये खोटं नसतं."

त्या क्षणी मी सांगणार होतो. देवाशपथ सांगतो, 'आजी' एवढं तोंडातून निघालंही होतं. तेवढ्यात ही फोन उंच धरून आली आणि घोळक्यातली सगळी माणसं माझ्याकडे पाठ करून तिच्याकडे वळली. कुणीतरी मला कोपरानं बाजूला सारलं, "ओ काका, फ्रेममध्ये येताय." झालं! माझं तोंड शिवल्यासारखं बंद झालं. म्हटलं, घ्या तिच्याकडून बातम्या. हात सोडवून घेतला आणि घरी आलो.

अंधार पडता पडता तिकडे वारा उतरला, माणसं किनाऱ्याला लागली आणि भावानं कुणाच्या तरी फोनवरून बहिणीला फोन केला. बहिणीचा नंबर एवढाच काय तो त्याला पाठ होता. ती लाईव्हच होती तेव्हा. माझ्या बायकोनं फोन माझ्यापुढे धरला. रडणं, हसणं, कुणी नारळ फोडतंय, ही आईला मिठी मारून ओरडतेय. म्हणजे माझी बातमी गेलीच होती हातची. मूठ गच्च धरून धरून आत काही उरलं नाही. मी न जेवता झोपलो.

सकाळी पेपर आला. पहिल्या पानावर, किती तरी दिवसांनी, माझी बातमी. खाली म्हातारीचा फोटो. आठ वाजता बायको तिचं लाईव्ह लावून बसली, मांडीवर पेपर. फोनवर ही पेपर धरून वाचत होती, शेजारी म्हातारी, केस विंचरून, स्वच्छ लुगडं नेसून. "आपल्या दादांनी लिवलंय," ती म्हणाली आणि वाचायला लागली. वाऱ्याचं वाचलं, पंख्यातल्या जाळ्याचं वाचलं. मग मध्येच थांबली. आवंढा गिळला. आणि पुढचं वाचून संपवलं.

"एक ओळ गाळली तिनं," बायको म्हणाली.

"कुठली?"

बायकोनं बोट ठेवून वाचलं. "'सातही खलाशी सुखरूप असल्याचे काल दुपारी तीन वाजता प्रस्तुत प्रतिनिधीस दूरध्वनीवरून समजले.'"

हाडात मुरलेली सवय. लाल शाईची भीती. मीच लिहिलं होतं, माझ्याच हातानं, आणि ऑफिसात कुणी काढलं नाही.

बायकोनं चष्मा काढला. "तीन वाजता? पाचला तुम्ही चहा पिऊन तिच्या आईचा फोटो काढायला गेलात." मग दिवसभर भांडी तेवढी जोरात आपटत होती.

मी दोन दिवस वाट बघितली. आता बोभाटा होईल, आता कुणी दारात येऊन कॉलर धरेल. कुणी आलं नाही. कोळीवाड्यात पेपर येतो एकच, तो तिच्याकडे. बाकीच्यांनी बातमी ऐकली ती तिच्या तोंडून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला पेपर खपत नाही याचं बरं वाटलं, आणि ते कळल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी बाजारात तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ती सुरमई कापत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

"मी चुकलो," म्हटलं.

"व्हय." कोयत्यावरचं पाणी तिनं पुसलं. "मी फोन केला तवा किती वाजलेले, ते माज्या फोनात हाय दादा. तीन चाळीस. रोज बगते मी त्ये."

"मग वाचलं का नाहीस? सगळ्यांसमोर वाचायचं होतंस."

"तुमच्यासाठी न्हाय गाळलं." आवाज चढला तिचा, शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या, तसा तिनं खाली आणला. "भावाचा फोन आला, तरी आयचा इस्वास बसंना. म्हनली, पेपरात येऊ दे. रोज सकाली मी तो पेपर वाचते तो कुणासाठी वाचते? तिच्यासाठी. तुम्ही लिवलेलं तिला खरं वाटतं. आता तुमचा तो पेपर तिनं देवापाशी ठेवलाय, तिचा फोटो हाय ना त्याच्यात. हळदीकुंकू वाहते. तिला काय सांगू, का फोटो काडनाऱ्याला समदं ठावं हुतं म्हनून?"

तिनं सुरमईचे चार तुकडे पिशवीत घातले, "वैनीला द्या," म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्यानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत आमच्या किनाऱ्याचं पान बंद झालं. पेपर आता फोनवर वाचायचा म्हणे. उपसंपादकानं फोन करून गोड शब्दांत सांगितलं, काका, आता विश्रांती घ्या. म्हातारीला कागदच लागतो, म्हणून ही आता तोच जुना पेपर हातात धरते आणि फोनवरची बातमी त्यात बघितल्यासारखी वाचते. मी ओळखतो, कारण घडी तीच आहे आणि आपल्याकडच्या बाजूला म्हातारीचा फोटो दिसतो. तिला ऐकणारी माणसं वाढतच आहेत. त्याचा हेवा मला वाटतो, पण त्याहून जास्त हेवा वाटतो तो त्या एका आवंढ्याचा. बातमी हातात असताना कुणासाठी तरी ती अर्धी गिळायची, हे मला तीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. मी गिळली ती स्वतःसाठी.

बातम्या अजून माझ्याकडे येतात, जुनी ओळख आहे. आली की बाकी सगळं बाजूला टाकून मी आधी तिला फोन लावतो. परवा धक्क्याजवळ लाँच रुतल्याचं कळलं, धापा टाकत सांगितलं तिला. तिनं सगळं ऐकून घेतलं. माणसं उतरली का, पाणी किती, सगळं विचारलं. आणि मग, दर वेळी विचारते तसं, अगदी शांतपणे विचारलं,

"किती वाजता कळलं तुमाला, दादा?"